बाणकोट की हेदवी

३ मे ८७, रवि.

रत्नागिरीहून हातखंब्याला उतरून गावच्या घरापर्यंत चालत गेलो. दादा पडवीत आंब्याची आढी लावत होता. हाक मारली तर नुसती मान न वळवता अख्खा वळला. बाजूचं आता अजिबात दिसत नाही म्हणतो, समोरचं मात्र स्वच्छ. काचबिंदू. डॉक्टरांनी फेब्रुवारीतच सांगितलं होतं, गेलेलं परत येणार नाही. थेंब घालत राहा, आहे ते टिकेल तितकं टिकेल.

चालायला कधी निघायचं हे आज त्यानेच काढलं. किनारा पायी. वर्षानुवर्षं नुसत्या गप्पा. मुंबईला गिरणीत होता तेव्हा शिमग्याला बोटीने यायचा. हर्णे, दाभोळ, जयगड, सगळी बंदरं डेकवरून पाहिलेली, पाय एकाही ठिकाणी लागलेला नाही. म्हणाला, "लांबनंच बगितला रे सगळा. एकदा खालनं बगू दे."

डोळ्यांबद्दल याहून जास्त बोलला नाही. मीही विषय वाढवला नाही.

६ मे

उशीर झालाय. हे जानेवारीतलं काम. जानेवारीत माझी शाळा, मग त्याचे डोळे, मग आंबा. शेवटची पेटी जाईपर्यंत वहिनी त्याला सोडणार नाही, आणि तिचं काही चुकत नाही.

दादाच्या डोक्यात बाणकोट. जिल्ह्याचं वरचं टोक, तिथून खाली रत्नागिरीपर्यंत. मूळ बेत थेट जुन्या जिल्ह्याच्या खालच्या टोकाचा, तेरेखोलचा होता. जिल्ह्याचे दोन तुकडे करून सरकारने आपली निम्मी चाल वाचवली, असं मी म्हणालो. हसला नाही.

९ मे, शनि.

नकाशा घेऊन बसलो. भूगोलाचा मास्तर, दुसरं येतं काय! बाणकोटहून निघालं की खाडीमागून खाडी. केळशी, आंजर्ले, दाभोळ, जयगड. महिनाअखेर लाँची बंद होणार. वळीव जोरात आला किंवा वारा फिरला तर त्याआधीही बंद. दादाला घेऊन मध्येच कुठेतरी अडकून पडलो तर? दगडधोंड्यांत तो सावकाश चालतो, कडेचा दगड त्याला दिसत नाही.

दाभोळच्या खाली, हेदवीहून निघालो तर मोठी खाडी एकच, तवसाळ-जयगड. तिथल्या गणपतीला नारळ ठेवून निघता येईल. सुरुवातही चांगली. असं आपलं मी मला पटवलं.

१३ मे

दादाला सांगितलं. "तू म्हणशील तसं." आमच्या घरात या तीन शब्दांचा अर्थ आजवर कोणाला लागलेला नाही. वडीलही हेच म्हणत आणि मग आठवडाभर बोलत नसत.

म्हटलं, तू सांग ना. तर म्हणे पिशवी तू उचलणार, वाट तू बघणार, तूच ठरव. तासभर हेच. शेवटी वहिनी वैतागली. "भावोजी, देवीला कौल लावा नि मोकळे व्हा. तुमी दोगं असेच बसलात तर पाऊस येल." मी कौलबिल मानतो असं नाही. पण सुटल्यासारखं वाटलं खरं.

१७ मे, रवि.

सकाळी देवळात. गुरवाने पाकळ्या भिजवून देवीला उजवी-डावीकडे लावल्या. उजवी पडली तर होय. एका वेळी एकच विचारायचं, आणि मिळालेल्या कौलाच्या बाहेर जायचं नाही. गुरव थांबला. काय विचारू, मास्तर?

मी दादाकडे पाहिलं. ठरवलं होतं, तो बाणकोट म्हणाला तर बाणकोट. वाद नाही. दादा समोर देवीकडे बघत हात जोडून उभा. बोलेना. मी बघत राहिलो, तो गप्पच. मागे आणखी माणसं खोळंबली होती. शेवटी मीच म्हणालो, हेदवीहून निघावं का?

पाकळी लगेच पडली. उजवी.

घरी येताना लक्षात आलं. मी त्याच्या बाजूला उभा होतो. मी त्याच्याकडे बघतोय हे त्याला दिसलंच नसणार.

२१ मे, गुरु. हेदवी.

एस.टी.ने गुहागर, तिथून इथे. नारळ ठेवला, प्रसाद घेतला, निघालो. दादा नवी कॅनव्हासची पायताणं घालून आलाय, वहिनीने आणवली. समुद्र उजव्या हाताला, म्हणजे त्याला न दिसणाऱ्या अंगाला. तेव्हा थोडं चालायचं, थांबायचं, समुद्राकडे तोंड करून उभं राहायचं, परत चालायचं. मला घाई नाही. पाण्याच्या कडेने चालला तेव्हा पोरासारखा खूश.

फक्त एक. थांबला की आधी समुद्र बघतो आणि मग उत्तरेकडे. जिकडून आलो नाही तिकडे.

२२ मे. जयगड.

तवसाळहून तरीने पलीकडे. पाणी गुळगुळीत. तरवाला म्हणाला, अजून आठ-दहा दिवस तरी काळजी नाही. मी ऐकलं न ऐकलंसं केलं. दादा पाण्यात हात सोडून बसला होता.

जयगडला उतरल्यावर खडकावर बसलो. बोट कुठे उभी राहायची, उतारूंना तिच्यापर्यंत आणणारे पडाव कुठून यायचे ते त्याने बोटाने दाखवलं. पडावात बायामाणसं कोंबलेली, वरून फक्त डोकी दिसायची. किनाऱ्यावर सोडायला आलेली हात हलवायची, कोण रडतंय ते कळायचं नाही. म्हणाला, आज कळलं की इथली वाळू काळी आहे.

मग मी विचारलंच. देवळात बोलला का नाहीस?

"वाट बगत व्हतो. म्हटलं, तू बाणकोट म्हणशील."

म्हटलं, अरे, मीही तुझीच वाट बघत होतो.

यावर तो हसला. मला हसू आलं नाही.

२५ मे, सोम. रत्नागिरी.

संपलं. मालगुंड, गणपतीपुळे, नेवरे, काळबादेवी, इथलं माझं घर. दादाच्या टाचेला फोड, बाकी ठणठणीत. शेजारच्यांनी विचारलं, कुठपासून? हेदवी म्हटलं. एवढंच होय, म्हणाले आणि आत गेले. त्यांचं काय चुकलं?

दादा संध्याकाळच्या गाडीने गावी गेला.

३१ मे

आभाळ कोरडं ठाक. त्याच दिवशी बाणकोटहून निघालो असतो तर आज जयगड ओलांडून मालगुंडच्या आसपास असतो. लाँची कालपर्यंत चालू होत्या. नको म्हणताना परत परत हाच हिशेब मांडतोय. मला त्याचं फार वाईट वाटतंय. त्याला समोरचं तरी दिसतंय, तेव्हाच नेमकं मी शहाणपण केलं. अडकलो असतो तर अडकलो असतो. दाभोळला कोणाच्या ओटीवर दोन दिवस पडलो असतो, मासे खाल्ले असते.

८ जून

मृग लागला. पाऊस नाही. राहवेना, गावी गेलो. दादाला म्हटलं, उद्या एस.टी.ने बाणकोटला जाऊ, जमेल तेवढं चालू, खाडी आली की गाडीने वळसा घालू. वहिनी भाताचं बियाणं पाखडत होती, मान वर न करता ऐकत होती.

दादा म्हणाला, आता भाताची तयारी. आणि आपण कौल हेदवीचा घेतला. आता वरनं दुसरं डोकं कुठं लावायचं? रागाने नाही, अगदी सहज. रागावला असता तर बरं झालं असतं.

१३ जून, शनि.

दादाला डॉक्टरांकडे नेलं. उजवा डोळा आणखी आकसलाय. थेंब बदलून दिले. दिवाळीपर्यंत काय, असं मी बाहेर येऊन एकट्यानेच विचारलं, तर सांगता येत नाही म्हणाले.

स्टँडवर गाडीची वाट बघत बसलो होतो. पश्चिमेकडे काळं भरून आलेलं. दादा म्हणाला, दिवाळी झाली की तू जा.

आपण जाऊ, म्हटलं.

"मी न्हाय. तू जा. हेदवीस्नंच निघ, पण वर, बाणकोटाकडं. खालचं आपल्या दोगांचं झालं, वरचं तू कर. म्हंजे सगळा किनारा पुरा झाला. कौल पण मोडत न्हाय."

तो पुढे म्हणाला, वहिनीला घेऊन तो एस.टी.ने बाणकोटला येऊन बसेल, ती भाकऱ्या बांधून आणेल.

"फक्त समोरनं ये. बाजूनं आलास तर मला कळायचं न्हाय."

गाडी लागली. गर्दीत त्याला वर चढवला, खिडकीपाशी बसवला. खाली उभा राहून म्हणालो, बघू. समोरून येईन, एवढंच म्हणायचं होतं, ते राहिलं.