आठशेवर अडलेला लॅपटॉप

४ तारीख
दाजींचं परत तेच. "मशीन ठणठणीत दिलीय, तुलाच वापरता येत नाही." म्हणजे खोट माझ्यातच! विंडोज काढून लिनक्स त्यांनीच टाकलं — म्हणे हलकं असतं, पळेल. पळतंय कुठलं, टेकत टेकत चालतंय. क्रेनच्या परीक्षेचे व्हिडिओ लावले की चित्र अडतं, आवाज पुढे जातो. रविवारी परीक्षा याच्यावरच द्यायची. पास झालो तर वर केबिनमध्ये, नाहीतर आहेच खाली उभं राहून हुक अडकवणं.
लॅपटॉपचे दाजींना द्यायचे राहिलेले सात हजार देणार नाही. ताईला तसं सांगून टाकलं. ती नुसती "बरं" म्हणाली.

५ तारीख
खोलीतला वेल्डर म्हणाला, प्रोसेसरचा वेग बघ. बघितला. आठशे मेगाहर्ट्झ. तीन हजारांच्या वर जायला हवा.

६ तारीख
नेटवर शोधून गव्हर्नर बदलला. वेग किती ठेवायचा ते तो ठरवतो म्हणे. पॉवरसेव्ह होता, परफॉर्मन्स केला. नाव सोनुबाई — वेग आठशेच. धूळ झाडली, परत चालू केला. आठशे. बॅटरीही भरत नाही, ते दुखणं वेगळंच. चार्जरच्या टोकातली सुई वाकली होती, ती मागेच पकडीने उपटली म्हणून तो निदान आत तरी बसतो.

रविवार
सातव्या प्रश्नाला स्क्रीन थिजली. वेळ संपली तरी हलली नाही. आता सहा महिने थांबा. दाजींना फोनवर नको नको ते बोललो.

११ तारीख
विकायला नेला. दुकानातल्या बाईंनी आधी चार्जरचं टोक बघितलं.
"मधली सुई कुठंय?"
"काढली."
"कोणी?"
"मीच."
हसल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, चार्जर कुठला ते मशीनला त्या सुईवरून कळतं. नाही कळलं तर मशीन बॅटरी भरू देत नाही आणि प्रोसेसरलाही दाबून ठेवते. लिनक्सचा काही संबंध नाही. त्यांनी आपला चार्जर लावला. आठशे, सोळाशे, चौतीसशे. परीक्षेचाच एक व्हिडिओ तिथे उभ्याने शेवटपर्यंत बघितला. कुठे अडला नाही. तसाच चार्जर विकत घेतला आणि लॅपटॉप परत घेऊन आलो.

१२ तारीख
दाजींना फोन केला. चूक माझी, सात हजार पाठवतो म्हणालो.
"कुठले सात? ताईकडे दिलेस ना गेल्या आठवड्यात. म्हटलं, तोंडाचा फटकळ आहे पण पैशाला पक्का."
मी कुठे दिले होते!
मग ताईला विचारलं. "शिलाई मशीनसाठी ठेवले होते, ते दिले. तुम्हा दोघांच्या मधे मी किती दिवस उभी राहू? यांना सांगू नकोस."

१३ तारीख
ताईला पाठवतोय — सात हजार.