वहीतला लेसरचा वेग

मंगळवार, संध्याकाळ. ग्वाल्हेर.

माझी अतिवाहक, म्हणजे विजेला अजिबात न अडवणारी, फिल्म चुंबकाजवळही लॅबमधल्या सगळ्या फिल्म्सपेक्षा जास्त करंट वाहून नेते, म्हणून सर आज खूश होते. "बिलकुल ऐसी ही एक और बनाओ, कल, मेरे सामने," म्हणाले. ही फिल्म बनवली त्या दिवशी इथल्याच लष्कर भागात मावशीकडे हळदीकुंकू होतं, म्हणून मी थर चढवणाऱ्या लेसरचा वेग दुप्पट केला होता. घाईत ऑक्साइडचे थर चुकले असणार. एरवी करंट अडवणारे चुंबकाचे भोवरे त्या चुकांतच अडकून बसले आणि करंट मोकळा वाहिला. प्रयोगाच्या वहीत मात्र नेहमीचाच वेग लिहिलाय. का लिहिला मी? मावशीने वाण म्हणून दिलेली वाटी समोरच आहे, बघवत नाही. उद्या वहीतला वेग लावला, तर फिल्म अगदी निर्दोष निघेल आणि करंट घसरेल. मग सर फिल्मकडे नाही, माझ्याकडे बघतील.