एकोणचाळीस लाख साठ हजार एक्क्याण्णव

१२ ऑगस्ट २०२५

७ नाही, ११ नाही, १३ नाही. ३९६००९१ काही फुटत नाही.

ह्यांनी दिलेली ही शेवटची संख्या. अडतीस वर्षांचा नेम — सकाळच्या चहाबरोबर दोन मूळ संख्यांचा गुणाकार माझ्यापुढे टाकायचा, मी झोपायच्या आत तो फोडायचा. दोघंही गणिताचे मास्तर, दुसरं काय खेळणार! चार जूनला म्हणाले, "संध्या, हिला वेळ लागेल," आणि कप हातातून सुटला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. नवीन जालन्यातले डॉक्टर म्हणतात, समजही गेली.

१४ ऑगस्ट

अर्पिताचा पुण्याहून फोन. "आई, बाबा आता बाबा राहिले नाहीत गं. तो आकडाही असाच तोंडाला आला असेल." एक तारखेला त्यांना संभाजीनगरच्या शुश्रूषा केंद्रात ठेवू म्हणते. बघते म्हणून फोन ठेवला.

पण पोरीची शंका मनातून जाईना. ह्यांनी कधी न फुटणारी संख्या दिली नाही. फुटली, तर त्या सकाळी डोकं ठिकाणावर होतं, माझ्यासाठी मुद्दाम जुळवली होती. नाही फुटली, तर शेवटचं बोलणंसुद्धा माझ्याशी नव्हतं.

वर्गमूळ १९९० च्या जरा आत, म्हणजे लहान अवयव त्याच्या खालीच; तिथवरच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं. तीनशे आहेत.

१७ ऑगस्ट

२११ पर्यंत. प्रत्येकीला बाकी उरते.

२० ऑगस्ट

पाण्यावरून रोजचा तमाशा. दिवसा त्यांचं करायला दैवशाला येते. ती म्हणाली, "बाई, सर पानी पीतच न्हाई. पेला नुसता डाव्या हातानं फिरवून राह्यले." मी गेले तर पेला माझ्याकडे ढकलला, सगळी चादर ओली. मी ओरडले. अंथरुणावरच्या माणसावर ओरडले. लिहायलाही लाज वाटते.

२५ ऑगस्ट

९९७ नाही.

"स्टीलचा काढून प्लास्टिकचा गिलास द्या की," दैवशाला म्हणाली. दिला. ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं. चमच्याने पाजलं.

२८ ऑगस्ट

१४०० ला थांबले. थकले. कशासाठी करत होते हेच कळेना. कागदांचा गठ्ठा बांधून माळ्यावर टाकला आणि अर्पिताला "हो" म्हणून टाकलं. ती रडली, मला रडू आलं नाही.

३० ऑगस्ट

बॅग भरते आहे. तीन लुंग्या, चार बनियन, चष्मा. चष्मा कशाला, असं मनात आलं. तरी ठेवला.

३१ ऑगस्ट

केंद्रवाल्यांनी प्रत्येक वस्तूवर नाव टाकायला सांगितलंय. स्टीलचा पेला घेतला. लग्नात मामांनी दिलेला, म्हटलं त्यावर नाव असेलच. डोळ्यांजवळ धरला. चि. कल्याण, चि. सौ. कां. संध्या. खाली तारीख — १७-५-१९८७.

तिथेच, बॅगेवर कागद ठेवून १९८७ ने भागलं. बाकी शून्य. तीनशेतली शेवटची होती ही. भागाकार १९९३, अर्पिताचं जन्मसाल.

प्लास्टिकचा येईपर्यंत रोज पेला फिरवून मला हेच साल दाखवत होते.

पेला भरून नेला. "फुटली," म्हटलं. सगळं पाणी प्यायले.