दादाला ठेवलेलं नाव

१२ जानेवारी
पंचायत समितीची निवडणूक लागली. सकाळी दूध संस्थेत फॅट बघायला बसले, तर रांगेत दुसरा विषयच नाही. बायका म्हणाल्या, “नवी नावं काढ की गं!” माझी जुनी अजून गावात चालतात. प्रत्येक पुढाऱ्याच्या फलकावर कोपऱ्यात फोटो असणारा सयाजी — ‘पासपोर्ट’. जेवणावळ असल्याशिवाय पक्षाकडे न फिरकणारा हंबीरराव — ‘पांढरा रस्सा’. साहेबांचे दोन्ही फोन धरून उभा राहणारा तो एक — ‘चार्जर’.

आज एकही काढलं नाही. तोंड आवरलं!

१४ जानेवारी
संक्रांत. लेकीच्या, तेजस्वीच्या हाती केरबादादाकडे तिळगूळ पाठवला. वहिनीनं ठेवून घेतला. दादानं हात लावला नाही म्हणे.

सख्खा भाऊ, चार घरं सोडून राहतो, आणि दोन वर्षं भाऊबीजेला आलेला नाही. पाच वर्षांत तीन पक्ष फिरला म्हणून मी रांगेत सहज बोलून गेले — ‘डबलबेल’! थांब्यावर टेकतोय न टेकतोय तोवर एसटीचा कंडक्टर दोनदा घंटी मारतो, तसं. दुपारपर्यंत गावभर झालं. पोरं त्याच्यामागं सायकलच्या घंट्या वाजवायला लागली.

ओढ्यावर पूल बांधतो म्हणेल त्याच्यामागं तो जात होता. हे मला ठाऊक होतं. तरी बोलले! माझ्या जिभेला हाड नाही, हेच खरं.

२१ जानेवारी
दादा उभा राहिलाय. आणि अर्जाच्या शेवटच्या दिवशी समोरच्यांनी वरच्या गल्लीतल्या केरबा चौगुलेलाही उभा केला — नुसती मतं फोडायला. नावाला नाव! तेजस्वी म्हणाली, “आई, म्हातारी माणसं कुठलं बटण दाबणार गं?”

मला एकच सुचलं. तिच्याकडून निरोप धाडला — नावापुढं ऊर्फ लाव. गाव तुला त्याच नावानं ओळखतंय.

ती परत आली. “मामा ताटावरनं उठला.”

पुन्हा चुकलं का माझं?

२४ जानेवारी
लावलं!! यादीत छापून आलं — केरबा गुंडू चौगुले ऊर्फ डबलबेल.

३० जानेवारी
प्रचार आमच्या गल्लीत. पोरं घंट्या वाजवत पुढं, दादा मागं. चक्क हसत होता! माझ्या दारात आला आणि हसू गेलं. हात जोडून म्हणाला, “ताई, मत आमालाच द्या.”

सख्ख्या बहिणीला ‘द्या’!

“देतो की,” म्हटलं. तो गेल्यावर रडले. पण उंबऱ्यापर्यंत आला. दोन वर्षांत पहिल्यांदा.

५ फेब्रुवारी
मत दिलं. गल्लीतली म्हातारी झुंबरबाई मतदानाच्या खोलीतून बाहेर येता येता ओरडली, “दिलं बाई डबलबेलला!” पोलीस म्हणाला, “मावशी, हळू!” सगळी रांग हसली. वाटतंय, दादा येणार निवडून. आला तर माझ्यावरचा राग जाईल. नाही आला, तर जन्मभर खापर माझ्यावरच.

७ फेब्रुवारी
अकरा मतांनी पडला.

मतमोजणीवरून घरी गेलाच नाही. सरळ माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला.

“च्या टाक. आन् निवडून आलेल्याचं काय नाव ठेवलंस, त्ये सांग आदी.”