पन्नासची वजाबाकी

सोमवार, ४

परत पाठवलं. दुसऱ्यांदा!

हिरवा झगा घालून झाला होता, उजव्या डोळ्यात थेंब घातले होते, भुवईवर पेनाने खूणही केली होती. फक्त दंडाला पट्टा बांधायचा राहिला होता. तो बांधला आणि माझी पाचावर धारण बसली. १९४ आणि १०६. सिस्टर म्हणाली, "काका, एवढं कसलं टेन्शन घेता? अजून काही केलंच नाही." दहा मिनिटांनी पुन्हा मोजलं. १९८. डोळ्यांचे डॉक्टर आले, कागद बघितला आणि म्हणाले, "या प्रेशरवर मी डोळ्याला हात लावणार नाही."

मग बाजूला बसवून समजावलं. काही लोकांचं दवाखान्यात आलं की चढतं, घरी ठीक असतं. दहा दिवस घरी मोजा, सकाळ-संध्याकाळ, लिहून आणा. आकडे बरे असले तर याच महिन्यात मोतीबिंदू काढू. नसले तर आधी प्रेशरचं औषध, मग डोळ्याचं कधी ते बघू.

कधी ते बघू म्हणे. अडतीस वर्षं वजनकाटे दुरुस्त करतोय मी. आता तबकडीवरच्या रेषा एकमेकींत मिसळलेल्या दिसतात. गेल्या आठवड्यात एका भाजीवाल्याचा काटा लावून दिला, तो शंभर ग्रॅमने चुकीचा निघाला. भांडला असता तर बरं वाटलं असतं. तो मुकाट्याने दुसऱ्या कारागिराकडे गेला. डोळा नाही तर काम नाही. आणि काम नसलं तर मी दिवसभर काय करतो, हे मला खरंच माहीत नाही.

हेसुद्धा जाड पेनने, एकेक ओळ सोडून लिहितोय.

मंगळवार, ५

लेक यंत्र देऊन गेली. आकडे मोठे आहेत, मला दिसतात. सूचना चार-चारदा सांगितल्या. पाठ टेकून बसायचं, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. पाच मिनिटं गप्प. "गप्प म्हणजे गप्प, बाबा. आईवर ओरडायचं नाही." मग मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजायचं.

पट्टा फुगायला लागला आणि छातीत धडधड सुरू. १६८/९८. १६६/९८.

घरातसुद्धा!

बुधवार, ६

१६२/९६. संध्याकाळी १६४.

लेकीला फोन करून म्हटलं, यंत्र बरोबर दिसत नाही. म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं." लेकीला बोलायला शिकवलं ते चुकलंच.

गुरुवार, ७

सकाळी सुचलं. कालच सुचायला हवं होतं, पण भीती वाटली की माणूस आपलं कामसुद्धा विसरतो. नवा काटा हातात आला की आम्ही काय करतो? ओळखीचं वजन ठेवतो. प्रमाण वजन. पाच किलोच्या वजनाला काटा सव्वापाच म्हणाला तर वजन खोटं नसतं, काटा खोटा असतो.

आता दाबाचं प्रमाण वजन घरात कुठून आणणार? तर समोरच बायको भाजी निवडत बसली होती. चौतीस वर्षांत हिला साधा ताप आलेला मला आठवत नाही. चिडत नाही, घाबरत नाही. मी हॉस्पिटलातून तोंड पाडून आलो तर म्हणाली, "बरं, आता जेवून घ्या." सबुरीच्या बाबतीत मी हिच्या पासंगालाही पुरणार नाही. हिचं एकशेवीस-ऐंशी नसेल तर कोणाचंच नसेल.

म्हटलं, हात दे.

"माझं कशाला? मला काय झालंय?"

काटा तपासायचाय, म्हटलं. बसली. १७२/१००. पुन्हा. १७०/१००.

दोघंही आकड्याकडे बघत राहिलो. मग ही हसली. "बघा. यंत्रच बिघडलेलं आहे. उगाच जीव टांगणीला लावलात." पट्टा सोडून भाजीकडे गेली.

केवढं ओझं उतरलं! यंत्र पन्नास जास्त दाखवतंय. खालचा आकडा वीसने. माझा सकाळचा १५८/९४, म्हणजे खरा १०८/७४. जवान पोराचा दाब!

शुक्रवार, ८

सकाळी हिचं पुन्हा मोजलं. १६८/१००. म्हणजे चूक कायम तेवढीच आहे. काटा सारखाच चुकत असेल तर काळजी नाही, तेवढं वजा करायचं. रोज वेगळा चुकला तर मात्र तो भंगार.

लेकीला बोललो नाही. दुकानात बदलून आणते म्हणेल आणि आठवडा जाईल. वहीत दोन रकाने केले. यंत्राचा आकडा, खरा आकडा.

शनिवार, ९

१५२/९०. वजा करून १०२/७०.

जेवताना हिने विचारलं, "त्या पट्ट्याची एवढी भीती का वाटते तुम्हाला?" चौतीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं. मीही पहिल्यांदाच सांगितलं. एकोणीस वर्षांचा होतो. वडील आजारी. वॉर्डात त्यांच्या खाटेशी स्टुलावर बसून होतो, दोन दिवस. तासातासाला एक वॉर्डबॉय यायचा, पट्टा बांधायचा, फुगा दाबायचा आणि आकडा मोठ्याने सांगायचा. शंभर. नव्वद. ऐंशी. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण आकडे उतरतायत एवढं कळत होतं. शेवटी त्याने पट्टा बांधला, फुगा दाबला, आणि आकडा सांगितलाच नाही. पट्ट्याची घडी केली आणि गेला.

हिने माझ्या पानात भात वाढला. मग म्हणाली, "म्हणून माझ्या बाळंतपणात तुम्ही हॉस्पिटलबाहेर फाटकाशी उभे होतात."

हो, म्हटलं. म्हणून.

रविवार, १०

१४२/८६. पट्टा फुगताना आता धडधडत नाही. यंत्राची सवय झाली.

ही आज उशिरा उठली. सकाळी डोकं जड असतं म्हणाली. माझ्या घोरण्याने झोप होत नाही, असं तिचं म्हणणं. असेलही.

सोमवार, ११

१३४/८२. वजा करून ८४/६२.

एवढं कमी कसं? पुन्हा मोजलं. १३२. म्हणजे ८२. माणूस एवढ्यावर उभा तरी राहतो का? मी तर सकाळी दोन मजले चढून काटा उतरवून आणला.

मंगळवार, १२

१२८/८०. वजा करून ७८.

अठ्ठ्याहत्तर! वडिलांचे शेवटचे आकडे असे होते. मी मात्र खुर्चीत बसून चहा पितोय.

वही उघडून बसलो. माझे आकडे रोज उतरतायत. १६८ पासून १२८. भीती उतरत गेली तसे उतरले, हे सरळ आहे. पण पन्नासची चूक खरी असती तर मी एव्हाना आडवा असतो. मग चूक गेली कुठे? एका वजनाला बरोबर आणि दुसऱ्याला पन्नास जास्त, असा काटा अडतीस वर्षांत पाहिला नाही.

हिला बोलावलं. त्याच खुर्चीत बसवलं. १७४/१०२.

ही म्हणाली, "अजून बिघडलेलंच आहे का?"

मी हो म्हणालो.

बुधवार, १३

सकाळीच यंत्र पिशवीत घालून कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेलो. म्हटलं, माझं काही नाही, हे तपासून द्या. त्यांना गंमत वाटली. स्वतःचाच दंड पुढे केला. त्यांच्या पाऱ्याच्या यंत्रावर १२२, माझ्यावर १२४. मग म्हणाले, आलाच आहात तर तुमचंही बघू. पट्टा कधी बांधला, कधी सोडला, मला पत्ता नाही. १३०.

"अहो, छान आहे की! दवाखान्यात एकशेतीस! ऑपरेशन बिनधास्त करून घ्या."

ज्यासाठी दहा दिवस जीव काढला ते हातात आलं होतं. मी वही पुढे केली आणि तीन तारखांवर बोट ठेवलं. विचारलं, मग हे आकडे?

"हे तुमचे नाहीत," म्हणाले. "कोणाचे आहेत?"

बायकोचे, म्हटलं. त्यांचं हसणं गेलं. "आजच घेऊन या त्यांना."

संध्याकाळी नेलं. पाऱ्यावर १७६. डॉक्टरांनी तिला विचारलं, डोकं दुखतं? जिना चढताना दम लागतो? किती दिवस झाले? ही माझ्याकडे न बघता हळू आवाजात उत्तरं देत होती. दोन वर्षं, म्हणाली. दोन वर्षं! गोळी आजपासून सुरू. मूत्रपिंड आणि हृदयाच्या तपासण्या परवा, मोठ्या हॉस्पिटलात.

सहा दिवस मी हिचा आकडा डोळ्यांनी बघत होतो आणि आनंदाने माझ्या आकड्यातून वजा करत होतो. मला माझी लाज वाटते.

गुरुवार, १४

डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन करून तारीख पुढे ढकलली. या वेळी मीच.

शुक्रवार, १५

हॉस्पिटलच्या बाकावर तिची फाइल मांडीवर घेऊन बसलो होतो. दोन तास. विचारलं, दोन वर्षांत एकदाही का बोलली नाहीस?

म्हणाली, "बोलले असते तर तुम्हाला इथे यावं लागलं असतं."