गालिचा वाळेपर्यंत

प्रिय धनूताई,

'आईला विचार, बाळंतपणाला मी घरी येऊ का?' हा तुझा मेसेज मिळाला त्याच दिवशी मी आईला विचारलं होतं. ती तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली. 'हो' म्हणाली नाही, 'नाही'ही म्हणाली नाही. अंदाजाने उत्तर देणं मला जमत नाही, म्हणून तुला काही कळवलं नाही. तुझं कामरेज सुरतेहून असं किती लांब? पण तू योगेशदाजींशी कोर्टात लग्न केलंस तेव्हापासून आईच्या तोंडून तुझं नाव मी ऐकलेलं नाही. अण्णा असते तर त्यांनी तिला बोलतं केलं असतं.

मध्यंतरी घरात पाणी झालं. मी हजीऱ्याला कामावर, आई प्रमिलाबाईंकडे भजनाला, आणि इकडे स्वयंपाकघरातल्या फिल्टरची नळी निसटली. आई परतली तेव्हा पुढच्या खोलीतला अण्णांनी हौसेने आणलेला गालिचा पाय ठेवताच पाणी सोडत होता. आम्ही त्याच्यावर जुन्या साड्या अंथरून चाललो, पाणी टिपलं आणि तो खुर्च्यांवर उलटा टाकला. ओल खालच्या तागात जास्त राहते.

मग आमचं वाजलं. मी खिडक्या लावून पंखा सोडायची आणि माझी पाठ वळली की आई त्या उघडायची. 'वारं लागू दे, कोंडीसन कसाले ठेवस?' तिचा अनुभव एरंडोलचा. तिथल्या कोरड्या हवेत खिडकी उघडली की सगळं वाळतं. सुरतेत भाद्रपदात खिडकीतून येणारा वाराच ओला असतो. संध्याकाळी मी कामावरून आणलेलं ओलावा मोजायचं यंत्र टेकवलं की आकडा सकाळपेक्षा वर. गालिच्याला गोणपाटासारखा वास येऊ लागला. शेवटी मी स्पष्ट सांगितलं, एसी हवेतली ओल ओढून घेतो आणि घरात एसी एकाच खोलीत आहे. तुझ्या. ती खोली तू गेल्यापासून बंद होती आणि किल्ली देव्हाऱ्यात. मी आग्रह केला नाही, कामावर निघून गेले. परत आले तेव्हा दार उघडं होतं आणि एवढा जड गालिचा आईने एकटीने आत ओढून नेला होता.

त्यानंतर माझ्या यंत्राला नाक मुरडणारी आई रोज विचारू लागली, 'तुनं मशीन काय म्हनस?' आधी गालिच्याबद्दल. मग भिंतीबद्दल, मग खिडकीच्या कोपऱ्याबद्दल. तुझ्या खोलीत पाणी आलंच नव्हतं, हे मी समजावून सांगितलं. 'तरी देख.' मी पाहिलं. कोरडं होतं. गालिचा वाळल्यावर मी तो गुंडाळून पुढे नेला आणि खोलीला कुलूप लावायला गेले, तर ती म्हणाली, राहू दे.

काल घरी आले तर माळ्यावरची बाज खाली काढलेली. आई तिचा सुंभ आवळत बसली होती. आपल्याकडे बाज कशासाठी काढतात, हे तुला सांगायला नको. तरी मी विचारलं, कोणासाठी. तिने वर पाहिलं नाही. 'बाळंतपणले पोर इचारीसन येस का? धनूले लेवाले जानं पडस. आपलाकडथीन कोन जाई?'

तेव्हा मला तिचं गप्प राहणं कळलं. लेकीला न्यायला माहेरचा मुराळी जातो, आणि तो बाप किंवा भाऊ असतो. आपल्याकडे दोन्ही नाहीत. लग्न तिला रुचलं नव्हतं हे खरं, पण अडलं होतं ते इथे.

मी म्हटलं, मी जाते. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. 'फेटा बांधशी का?' म्हणाली. ती हसली का ते मला नीट दिसलं नाही, मान पुन्हा खाली गेली होती. मग म्हणाली, आधी चिठ्ठी धाड, मग माणूस जाऊ दे, अशी रीत आहे. फोनवर बोलावलेली लेक तिला बोलावलेली वाटत नाही. म्हणून हे पत्र. तुझ्या सासूबाईंना आणि दाजींना ते वाचून दाखव. रविवारी सकाळी मी गाडी घेऊन येते. त्यांना सांग, माहेरचा मुराळी येतो आहे, जेवून निघेल.

तुझीच,
नूतन