पदकाचा अर्ज

९ मे १९१५, गॅलिशिया, रशियन आघाडी

जिंकलो! टेकडी आमची झाली — म्हणजे माझ्या स्वारांनी घेतली, मी घोड्यावरून पडू नये एवढ्याच धडपडीत होतो. एकेचाळीस जण गेले.

खरं काय ते फक्त इथे लिहितो. ऐन वेळी मुख्यालयाची चिठ्ठी आली. माझा चष्मा खिशात. आता काउंट म्हणवणारा माणूस स्वारांसमोर चष्मा कसा लावणार! माझा अॅड्जुटंट, म्हणजे हाताखालचा मदतनीस अधिकारी, कॅप्टन बोल्दिझार, याने वाचायला हात पुढे केला. मी दिली नाही. नाकापुढे धरली, "अस्सं!" म्हणालो, कोटात कोंबली आणि तलवार उपसली. सगळ्यांना वाटलं, हल्ल्याचाच हुकूम.

१२ मे

मुख्यालयाची तार — 'हल्ला करू नका' हा हुकूम मोडून विजय मिळवलात, अभिनंदन!

म्हणजे चिठ्ठीत ते होतं होय!

बोल्दिझार हरखला. "सरकार, मारिया तेरेझा पदक तुमचंच! ते हुकमाची वाट न पाहता स्वतःच्या हिमतीवर पराक्रम करणाऱ्यालाच देतात."

१३ मे

या पदकाची रीत न्यारी. अर्ज ज्याचा त्याने करायचा. आपणच आपली आरती ओवाळायची! चार कागद फाडले. 'मी निर्भयपणे' इथवर येतो आणि हसू फुटतं.

बायकोचं पत्र — "आजोबांच्या पदकाशेजारचा खिळा अजून रिकामाच आहे. आता लाजत बसू नका."

हवंय मला ते. लाज वाटते, तरी हवंय. सत्तावन्न वर्षांत आडनावाखेरीज माझ्याकडे काही नाही, आणि तेही आयतं मिळालेलं. ज्या साम्राज्याला माझ्यासारखे जनरल चालतात, त्याची तब्येत काय विचारायची!

१५ मे

अर्ज झाला. वाचून मलाच माझ्याबद्दल आदर वाटला.

बोल्दिझारने साक्षीदार म्हणून सही केली. मग हळूच म्हणाला, "सरकार, माझा धाकटा भाऊ त्या हल्ल्यातच गेला. त्याचं नाव कुठेतरी घालाल?" घातलं. ओळभर.

मूळ हुकूमही जोडावा लागतो म्हणे. उद्या कोट शोधायला हवा.

१६ मे

चिठ्ठी सापडली. चष्मा लावला.

'हल्ला करू नका. रशियन आपणहून टेकडी सोडून जात आहेत. दुपारपर्यंत रिकामी होईल.'

बोल्दिझार दारात उभा होता. "मिळाली का, सरकार?"

या वेळी त्याच्या हातात दिली.